पाटी कशावर लावायची?

आजीच्या नावाने गावाकडच्या सरकारी रुग्णालयाला काहीतरी द्यायचं, हे घरात ठरलं आणि एकमत तिथेच संपलं. मामा यवतमाळ जिल्ह्यात सरकारी नोकरीत बालरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाला. ताई पुण्यात एका खासगी रुग्णालयात नवजात अतिदक्षता विभागात काम करते. ताईचं म्हणणं, तिथल्या नवजात कक्षाला व्हेंटिलेटर द्यावा. मामाचं म्हणणं, तेवढं सोडून काहीही द्या. मी मध्ये बसून लिहून घेतलं. बोलण्याचा क्रम थोडा बदलला आहे आणि दोघांनी एकमेकांना बहाल केलेल्या दोन-तीन उपाध्या गाळल्या आहेत.

ताई : मामा, तूच सांगायचास ना, सातव्या महिन्यातलं बाळ आलं की हात बांधल्यासारखे व्हायचे? आता चार पैसे जमलेत तर तूच नको म्हणतोस.

मामा : अगं, व्हेंटिलेटर आला की आणखी चार हात लागतात. ते कुठून आणतेस? बाळांना ऊब देणारे बारा वॉर्मर, त्यातल्या काहींवर दोन-दोन बाळं आणि रात्रपाळीला दोन सिस्टर. कधी एकच. त्यात एका बाळाच्या घशात नळी. हजार ग्रॅमच्या बाळाची नळी सेंटिमीटरभर आत सरकली तरी हवा एकट्या उजव्या फुप्फुसात जाते. कफाने बुजली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. सिस्टर त्या वेळी पलीकडच्या बाळाला सलाइन लावत असते.

ताई : म्हणून गावातल्या बाळाला ऑक्सिजनची नळी आणि देवाचं नाव? पुण्यात जे मिळतं ते त्याला का नको? गरिबांसाठी स्वस्तातलं औषध, गरिबांसाठी साधं यंत्र, ही भाषा मला आवडत नाही. केनेडींचं बाळ आठव. ऑगस्ट १९६३. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन दोन किलोच्या वर. बोस्टनला नेलं, दाबाच्या कोठडीत ठेवलं. एकोणचाळीस तासांत गेला. आज तसलं बाळ माझ्याकडे आलं तर बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत घरी जातं. ही प्रगती यवतमाळपर्यंत पोचायला नको?

मामा : पोचायला हवी. पण ते बाळ आज वाचतं ते कशामुळे, तेही सांग की या लेखकाला.

इथे ताईने माझ्या वहीत फुप्फुसाचं चित्र काढलं. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना आतून एक पातळ स्निग्ध थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साधारण चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू चिकटतात तशा या पिशव्या प्रत्येक उच्छ्वासाला मिटून चिकटतात आणि बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्या कष्टाने घ्यावा लागतो. ते कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, बरगड्या आत ओढल्या जातात आणि काही तासांत थकतं. सर्फॅक्टंट कमी असतं हे मेरी एलन एव्हरी या डॉक्टरबाईंनी १९५९ मध्ये दाखवलं होतं. केनेडींच्या बाळाच्या वेळी कारण कळलं होतं, उपाय हाती नव्हता.

ताई : उपाय आला १९७१ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाचा श्वास बाळालाच घेऊ दिला, फक्त फुप्फुसात सतत थोडा दाब ठेवला, म्हणजे पिशव्या पूर्ण मिटत नाहीत. पहिल्या वीस बाळांतली सोळा जगली. त्यालाच सीपॅप म्हणतात. नाकात दोन आखूड नळ्या बसवायच्या, त्यांतून गरम, दमट हवा सोडायची आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडवायचं. पाच सेंटिमीटर बुडवलं की पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब. बुडबुडे येत राहिले की दाब आहे.

मामा : बघ! बुडबुडे थांबले की दारातूनही कळतं. वीस खुणांचा पडदा वाचावा लागत नाही. नवीन सिस्टरला आठवड्यात शिकवता येतं. मी हेच म्हणतोय.

ताई : अर्धंच म्हणतोयस. नाकातल्या नळ्या सैल झाल्या तर दाब जातो, घट्ट झाल्या तर नाकाचा मधला पडदा सोलतो. माझ्याकडे येणाऱ्या बाळांत मी असली नाकं पाहिली आहेत. पोटात हवा भरते, ती काढावी लागते. सीपॅप स्वस्त असेल, पण राखण त्यालाही लागतेच. आणि सीपॅपवर जी बाळं टिकत नाहीत त्यांचं काय? श्वास घ्यायचंच विसरतात ती? त्यांना व्हेंटिलेटर लागतो आणि तो दीडशे किलोमीटरवर, नागपूरला असतो.

मामा : मग नागपूरच्या वाटेवर खर्च कर. बाळाला उबदार ठेवणारी, फुग्याने श्वास देता येणारा माणूस बसलेली ॲम्ब्युलन्स असेल तर ते बाळ पोचतं. वरच्या रुग्णालयात दहा व्हेंटिलेटर आणि वीस कसलेल्या सिस्टर एकत्र असू दे. दहा ठिकाणी एकेक व्हेंटिलेटर ठेवलास तर कुठलीच सिस्टर त्यात तरबेज होणार नाही. महिन्यात एखादं बाळ नळीवर येणार, तोवर मागचं शिकलेलं विसरणार.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, म्हणून ताईकडे पाहिलं. तिने उत्तर दिलं नाही, पण मानही हलवली नाही. मामाकडे आणखी एक दाखला आहे. कोविडच्या काळात मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांना आलेल्या व्हेंटिलेटरांचा विषय २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता. यंत्रं आली म्हणून ती चाललीच असं नसतं, हे तेव्हा न्यायालयाच्या कामकाजात नोंदवलं गेलं. मामाने त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलंय. दर लग्नसमारंभात ते बाहेर निघतं.

मामा : आणि मुळात रुग्णालयाच्या आधी किती काम होतं! गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने काय केलं ते आठव. अक्षरओळख नसलेल्या दायांना श्वास मोजायला शिकवलं. वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाभराची वाळू संपली की किती मणी सरकले ते बघून न्यूमोनिया ओळखायचा आणि गोळ्यांचं औषध सुरू करायचं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली छापून आलंय. पुढे एकोणचाळीस गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, तर नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. १९९९. त्या गावांत कुठला व्हेंटिलेटर होता?

ताई : ते काम मी शिकवते, मामा. त्याबद्दल दुमत नाही. पण ‘साधं आहे म्हणजे गावात चालेल’ असं सरसकट धरलंस तर चुकशील. स्टेरॉइडचं बघ.

हे नीट समजून घ्यावं लागलं. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या बाईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली की बाळाचं फुप्फुस लवकर पिकतं. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ मध्ये हे सिद्ध केलं. आपल्याकडे डेक्सामेथासोन वापरतात, सहा-सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. इंजेक्शन इतकं स्वस्त की मामा ते नेहमी वाद जिंकायला वापरतो. पण त्या दिवशी त्याचा डाव उलटला.

ताई : तुझं लाडकं इंजेक्शन गावोगाव पोचवून पाहिलं होतं. सहा देश होते, आपल्याकडची दोन ठिकाणं, बेळगाव आणि आपलं नागपूर. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. एकूण नवजात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढले. हजारी चोवीसच्या आसपास होते ते सत्तावीसच्या वर गेले.

मामा : दिवस चुकले असणार. पाळीची तारीख नक्की नाही, सोनोग्राफी नाही. पूर्ण दिवसांच्या बाळांनाही दिलं गेलं असेल.

ताई : बरोबर, ज्यांना दिलं त्यातली बरीच बाळं मुदतीआधीची नव्हतीच. मग जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली. या वेळी फक्त रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस ठरवून आणि जन्मलेल्या बाळाची काळजी घ्यायची सोय असेल तिथेच. भारतही त्यात होता. २०२० मध्ये निकाल आला. मृत्यूचं प्रमाण साडेतेवीस टक्क्यांवरून साडेएकोणीसवर आलं. औषध तेच, डोस तोच. तेव्हा गावात साधं आणि शहरात अवघड अशी वाटणी करू नकोस. साध्या इंजेक्शनलाही मागे चांगलं रुग्णालय लागतं.

मामाने चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला लागला की समजावं, मुद्दा पोचला. पण त्याला दुसरा हात सापडायला वेळ लागला नाही.

मामा : मान्य. मग ऑक्सिजनबद्दल बोल. सगळ्यांना वाटतं, ऑक्सिजन म्हणजे हवा, जास्त दिला तर बिघडतं काय? आमच्याकडे भिंतीवर फ्लोमीटर होता. फ्लोमीटर लिटर सांगतो, टक्के सांगत नाही. बाळाच्या नाकात शंभर टक्के चाललाय की चाळीस, कोणाला कळत नव्हतं.

ताई : अजूनही बऱ्याच ठिकाणी कळत नाही. हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर नसेल तर बुडबुड्यांचा सीपॅपसुद्धा शुद्ध ऑक्सिजनवर चालतो. आणि कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा अर्धवट तयार असतो. ऑक्सिजन जास्त झाला की तिथल्या रक्तवाहिन्यांची वाढ आधी थांबते, मग त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सुटतो. गेल्या शतकाच्या चाळीस-पन्नाशीत अमेरिका-युरोपात अशी हजारो मुलं आंधळी झाली. सगळ्यांत चांगली, श्रीमंत रुग्णालयं होती ती, कारण तिथेच भरपूर ऑक्सिजन परवडत होता. गायक स्टीव्ही वंडर १९५० मध्ये मुदतीआधी जन्मलेला, त्याची दृष्टी अशीच गेली.

मामा : म्हणजे यंत्रानेच घात केला.

ताई : थांब, गोष्ट इथे संपत नाही. कारण कळल्यावर डॉक्टरांनी हात इतका आखडला की श्वासावाचून मरणारी बाळं वाढली. २०१० मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी झाली. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण पंच्याऐंशी ते एकोणनव्वद टक्के ठेवलं, तर डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला, पण मृत्यू वाढले. म्हणून आता लक्ष्य नव्वद ते पंच्याण्णव. खालीही नको, वरही नको. पायाला लावलेल्या प्रोबचा आकडा शंभर दिसला की नातेवाईक खूश होतात, मी मात्र ऑक्सिजन घेणाऱ्या कमी दिवसांच्या बाळाचा शंभर पाहिला की धावते.

मामा : जन्मतःच न रडणाऱ्या बाळाचंही तेच. आम्ही लगेच ऑक्सिजन जोडायचो. दिल्लीत सिद्धार्थ रामजींनी नॉर्वेच्या सौगस्टाड यांच्याबरोबर दाखवलं की पूर्ण दिवसांच्या बाळाला फुग्याने साधी हवा दिली तरी चालतं. १९९३ मध्ये. २०१० मध्ये ते आंतरराष्ट्रीय नियमावलीत आलं. आपल्याकडच्या डॉक्टरने जगाला शिकवलेली ही गोष्ट आपल्याच पुष्कळ डॉक्टरांना ठाऊक नसते.

या टप्प्यावर मला वाटलं, दोघं एकच बोलू लागलेत, आता निर्णय होईल. पण मामाने भंडाऱ्याचं नाव काढलं आणि आवाज पुन्हा चढले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागाला आग लागली. सतरापैकी सात बाळं वाचली, दहा गेली.

मामा : तुम्ही देणगीदार एकेक यंत्र आणून ठेवता. प्रत्येकाचा एक प्लग वाढतो. वायरिंग मात्र इमारत बांधली तेव्हाचंच. भोवती ऑक्सिजन असला की आग झपाट्याने पसरते. कधी कुठल्या देणगीदाराने विचारलं का, रात्री दार आतून उघडतं का, आग विझवायचं सिलिंडर कोणाला चालवता येतं?

ताई : भंडाऱ्याच्या नावाखाली यंत्रं नाकारणं मला पटत नाही. वायरिंग दुरुस्त कर ना! पुण्या-मुंबईत आग लागली तर तिथले वॉर्मर काढून टाकायला सांगशील?

मामा : नाही सांगणार. पण आधी वायरिंग, मग प्लग.

ताईने त्यावर काही म्हटलं नाही. चहा आला. मामाने विषय मोठ्या मुलांकडे वळवला आणि तिथे एक मजेशीर उलटापालट झाली. गावातल्या अपुऱ्या उपचारांवर बोलणारी ताई शहरातल्या जादा उपचारांवर तुटून पडली.

ताई : पावसाळा आला की वर्षाच्या आतली पोरं घरघरत येतात. बहुतेकांना विषाणूचा संसर्ग. नाक मोकळं करा, थोडं-थोडं पाजा, ऑक्सिजन कमी पडला तर द्या. एवढंच लागतं. पण आई-बाबा दारातच सांगतात, वाफ द्या, अँटिबायोटिक लिहा. त्या आजारात दोन्हींचा उपयोग जवळजवळ नाही. तरी दिलं जातं, कारण न देणारा डॉक्टर कमी शिकलेला वाटतो. घरोघर नेब्युलायझर घेऊन ठेवलेत लोकांनी.

मामा : आमच्याकडे उलटं. पोराला धाप लागली की ‘डब्बा झाला’ म्हणून दोन दिवस घरीच ठेवायचे. मेळघाटात तर पोटावर तापल्या विळ्याचे चटके देऊन मग आणायचे. पोर आमच्या दारात येईस्तोवर ओठ निळे.

ताई : आणि दमा असलेल्या मुलाला पंप लिहिला की दोन्हीकडे एकच ओरड, पंपाची सवय लागते! अरे, पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, मात्रा कमी लागते. मास्क आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळकांडी, लावली की दोन वर्षांचं पोरही घेतं आणि दम्याच्या झटक्यात वाफेच्या यंत्राइतकंच काम होतं. पण यंत्राचा आवाज येतो, वाफ दिसते, म्हणून ते खरं वाटतं.

मामा : दिसतं ते विकलं जातं, बाई. व्हेंटिलेटरचं तरी दुसरं काय?

मला हे दोघांच्या वादातलं मर्म वाटतं. यंत्रावर पाटी लावता येते. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं त्यावर कोरता येतं, फित कापता येते, फोटो छापून येतो. रात्री तीन वाजता बाळाची नळी बघणाऱ्या सिस्टरवर पाटी लावता येत नाही, आणि सरकारी रुग्णालयात देणगीतून तिचा पगारही सहजासहजी देता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं सगळा पैसा पाटी लागणाऱ्या वस्तूंकडे वाहतो. मामा हे रागाने सांगतो, ताई नाइलाजाने मान्य करते. माझं मत विचाराल तर व्हेंटिलेटरच्या बाबतीत मी मामाच्या बाजूचा आहे. पण गावाला साधं पुरे, हा त्याचा सूर मला मान्य नाही. ताई स्टेरॉइडच्या दोन चाचण्यांवर बोट ठेवून जे म्हणाली ते जास्त खरं आहे.

शेवटी तडजोड झाली. देणगीतून दोन बुडबुड्यांचे सीपॅप घ्यायचे, दोन्हींना ब्लेंडर आणि आर्द्रता देणारं उपकरण हवंच. वेगवेगळ्या मापांच्या नाकातल्या नळ्या, कारण एकाच मापाने नाकं सोलतात. पाच पल्स ऑक्सिमीटर आणि बाळांच्या पायाला बसतील असे जादा प्रोब, कारण पहिल्यांदा मोडतो तो प्रोबच. तीन वर्षांचा देखभालीचा करार लेखी. ताईने वर्षातून दोनदा येऊन तिथल्या सिस्टरना शिकवायचं. आणि मामाच्या हट्टाखातर आईसाठी मागे कलणाऱ्या चार खुर्च्या, बाळाला छातीशी त्वचेला त्वचा लावून तासन् तास बसता येईल अशा. हा हट्ट भावनेपोटी नव्हता. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच, प्रकृती स्थिरावायची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवलं तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. मामाच्या मते या खुर्च्यांना प्लग लागत नाही, हा त्यांचा आणखी एक गुण. पाटीबद्दल एकमत झालं नाही. ती बहुधा लागणार नाही.

वाचकांना दोन गोष्टी सांगायला दोघांनी मला बजावलं आहे. पहिली श्वास मोजण्याची. मूल शांत असताना पोटाकडे बघत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे चाळीस किंवा जास्त श्वास भरले, किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर चटके, वाफ, काढा काही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, ती चुकवू नका.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. बाळ चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल किंवा जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अठ्ठावीस आठवड्यांच्या आधीचं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, डोळे टकाटका बघतायत, यावर विसंबू नका. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते, पडदा पूर्ण सुटल्यावर ती सहसा परत येत नाही. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिलेली नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय वॉर्डातून निघू नका.